मुक्या प्राण्यांची स्मृती

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठा नदीचा पूर पुणे शहरात शिरला. तो दिवस पाहिलेली वृद्ध माणसे आजही सांगतात, की पाणी कोठवर चढले, आपण त्या वेळी कोठे होतो आणि पुढे काय घडले. काय, कोठे आणि केव्हा, या तिन्ही गोष्टी एकत्र जपणारी ही प्रसंगस्मृती होय. अशी स्मृती पशुपक्ष्यांना असते काय?

गाय संध्याकाळी आपल्या गोठ्याकडे बरोबर वळते. कुत्रा धन्याला दुरून ओळखतो. परंतु हा नित्याच्या सवयीचा परिणाम असू शकेल. एखादा विशिष्ट प्रसंग त्यांच्या ध्यानात राहतो की नाही, हे त्यावरून ठरत नाही. मुक्या प्राण्याला तोंडी प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या वर्तनातूनच उत्तर शोधावे लागते.

हे कसे करावे, याचा एक सुरेख नमुना पुण्याचे मिलिंद वाटवे व त्यांचे सहकारी यांनी घालून दिला. वेडा राघू हा चिमुकला हिरवा पक्षी मातीच्या दरडीत बीळ खणून घरटे करतो. शत्रू जवळ असला, की तो घरट्यात शिरण्याचे टाळतो. संशोधकांनी शत्रूच्या जागी माणूस उभा केला. माणसाला घरटे दिसत असेल, तर पक्षी कमी वेळा आत जाई. माणूस जवळजवळ तितक्याच अंतरावर, पण घरटे न दिसणाऱ्या जागी असेल, तर तो अधिक वेळा जाई. शत्रूला काय दिसते, हे या ‘वेड्या’ पक्ष्यास उमगते! हे संशोधन २००२ साली प्रसिद्ध झाले.

येथे माणूस पक्ष्याच्या समोरच होता. मग होऊन गेलेल्या प्रसंगाचे काय? त्याचे उत्तर निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन या शास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिळते. ‘स्क्रब जे’ हा कावळ्याच्या कुळातील अमेरिकन पक्षी अन्न लपवून ठेवतो. त्याला अळ्या फार आवडतात. पण त्या लवकर नासतात. शेंगदाणे मात्र टिकतात. हा अनुभव घेतलेल्या पक्ष्यांनी दोन्ही पदार्थ वाळूत निरनिराळ्या जागी लपविले. चार तासांनी ते अळ्यांच्या जागा शोधू लागले. १२४ तासांनी मात्र शेंगदाण्यांच्या! वासाने माग लागू नये, म्हणून अन्न आधीच काढून घेतलेले होते. अर्थात काय ठेवले, कोठे ठेवले आणि त्याला किती वेळ लोटला, हे पक्ष्यांच्या ध्यानात होते.

तो प्रसंग पक्ष्याच्या मनश्चक्षूंपुढे आपल्यासारखाच उभा राहतो, असे मात्र शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. ‘प्रसंगस्मृतीसारखी स्मृती’ एवढेच ते म्हणतात. जेवढे सिद्ध झाले तेवढेच बोलावे, हा शास्त्राचा नियम आहे. परंतु ज्याला बोलता येत नाही त्याला काही आठवत नाही, असे म्हणण्याचा अधिकारही आता कोणास उरलेला नाही.

शब्दार्थ : दरड – मातीचा उभा कडा, वर्तन – वागणूक, मनश्चक्षू – मनाचे डोळे.

स्वाध्याय
१. सवय आणि प्रसंगस्मृती यांत कोणता फरक आहे?
२. वाळूतील अन्न आधीच काढून का घेतले होते?
३. परिसरातील एका पक्ष्याचे आठवडाभर निरीक्षण करा व पाच वाक्ये लिहा.