पोस्टरच्या आधी अर्ज

चि. मुक्ता हिस,


तुझ्या पाण्यातलं फ्लोराइड शोषणाऱ्या माध्यमाचे निकाल पाहिले, फार आनंद झाला. पण पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टर लावतेयस हे वाचलं आणि लगेच लिहायला बसले. पोस्टर जरूर लाव, पण त्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल अर्ज जाऊ दे. गाईडना घेऊन विद्यापीठाच्या आयपी (बौद्धिक संपदा) सेलमध्ये जा. कुणी काय केलं, पैसा कुठून आला, हे लेखी दे. शिक्षणसंस्थेला ऑनलाइन अर्जाची मूळ फी 1,600 रुपये पडते आणि पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात. आधी जगजाहीर केलंस, तर युरोपचा दरवाजा बंद. आधी जाहीर करूनही अर्ज करण्याची आपल्याकडची सवलत मोजक्याच प्रसंगांपुरती आहे.

उशीर झाला की काय होतं, ते बघ. अमेरिकेत स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी जनुकं जोडण्याची पद्धत नोव्हेंबर 1973 मध्ये छापली. स्टॅनफर्ड विद्यापीठात पेटंट-परवान्यांचं काम पाहणाऱ्या नील्स रायमर्सना ती कळली पुढच्या वर्षी, वर्तमानपत्रातून! कोहेन तर पेटंटला आधी तयारच नव्हते. शेवटी 4 नोव्हेंबर 1974 ला अर्ज गेला, छापल्यावर अर्ज करायला अमेरिकेत मिळणारी वर्षाची मुदत संपत आली असताना. अमेरिकेबाहेरचे हक्क तोवर गेलेच होते. मला मात्र स्टॅनफर्डचा पुढचा निर्णय जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी पद्धत एका कंपनीच्या हाती दिली नाही; मागेल त्या कंपनीला परवाना दिला, सुरुवातीला 10,000 डॉलर घेऊन. चारशेहून जास्त कंपन्यांनी तो घेतला, 25 कोटी डॉलरच्या आसपास पैसे आले आणि विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांचं काम कुठे अडलं नाही.

तुझं संशोधन जनतेच्या पैशावर झालंय. म्हणून कुणी एकट्यासाठी सगळे हक्क मागितले, तर फार तर ठरावीक भागापुरते, ठरावीक वर्षांपुरते द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. मुदतीत माल बाजारात आला नाही, तर हक्क परत विद्यापीठाकडे, हे कलम हवंच.

आणि एक. तुझे सगळे आकडे डिस्टिल्ड वॉटरमध्ये फ्लोराइड मिसळून काढलेले आहेत. यवतमाळच्या बोअरवेलच्या पाण्यात बायकार्बोनेटही असतं. ते माध्यमातल्या जागा अडवतं, मग शोषण घटतं. माध्यम किती दिवसांनी धुवायचं, धुतलेलं पाणी कुठे सोडायचं, हे ग्रामपंचायतीचा पंपचालक विचारणारच. कंपनी काढण्याचा विचार ही उत्तरं मिळाल्यावर कर. आधी यवतमाळचंच पाणी कॅनमध्ये भरून आण आणि चाचण्या पुन्हा घे. आकडे घसरले तरी वहीत तारखेनिशी लिही.

पीएच.डी. अर्धवट सोडू नकोस. करार आला की सही करण्याआधी मला पाठव, मी ओळ न ओळ वाचेन.

तुझी,
मावशी