बालपणीची धास्ती व पुढचे आजारपण

आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. तरीही सावंगी (मेघे) परिसरात बाप झिंगून आला की दाराआड लपणारी पोरे आपण पाहतोच. ही धास्ती रात्रीपुरती राहत नाही. अमेरिकेत डॉ. फेलिटी व डॉ. आंडा यांनी १९९८ साली ९,५०८ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण, लैंगिक छळ, आईला होणारा मार, घरातले व्यसन अशा ७ प्रकारांपैकी ४ वा अधिक सोसलेल्यांत हृदयविकाराचा संभव, काहीच न सोसलेल्यांपेक्षा सुमारे दुप्पट आढळला. धास्तावलेल्या मुलाच्या शरीरात कॉर्टिसोल वारंवार वाढते, झोप मोडते. पुढे तेच मूल तंबाखू जवळ करते. सारा दोष गरिबीवर ढकलून आपण मोकळे होतो, हे आम्हांस पटत नाही. शेजारच्या आजीने त्या रात्री मुलाला आपल्याकडे निजू दिले, तरी त्या ताणाला उतार पडतो.