बिनमातीची शेती



शेत म्हटले की आपल्याला काळी माती, बैल आणि विहीर आठवते. पण जगात काही ठिकाणी बंद खोलीत शेती करतात. तिथे माती नसते, ऊन नसते, पाऊसही नसतो. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा आम्ही सगळे हसलो. गुरुजी म्हणाले, "हसू नका, करून बघा."

मी दोन ताटल्या घेतल्या. त्यांत ओले फडके अंथरले आणि रात्रभर भिजवलेली मेथी पसरली. एक ताटली खिडकीत ठेवली, दुसरी कणगीमागे अंधारात. रोज पाणी शिंपडले. आठव्या दिवशी खिडकीतली मेथी बुटकी पण हिरवीगार होती. अंधारातली उंच झाली, पण पिवळी आणि लुळी. ती उजेडात ठेवल्यावर हिरवी झाली. पुढे मात्र दोन्ही ताटल्यांतली मेथी वाढेना. गुरुजी म्हणाले, "बियातली शिदोरी संपली. आता खत पाहिजे."

यावरून मला कळले की, रोपाला पाणी, हवा, उजेड आणि खत मिळाले की मातीवाचून चालते.

बंद खोलीतल्या शेतीत हेच करतात. घरात मांडणीवर भांडी असतात तसे एकावर एक वाफे असतात. मुळांना मिळणाऱ्या पाण्यात नत्र, स्फुरद, पालाश विरघळवतात. म्हणजे आपल्या खताच्या पोत्यावर लिहिलेले असते तेच! वर एलईडी दिवे लावतात. रोपांना तांबडा व निळा उजेड जास्त उपयोगी पडतो, म्हणून काही खोल्या जांभळ्या दिसतात. उरलेले पाणी गोळा करून पुन्हा फिरवतात. त्यामुळे पाणी फार थोडे लागते.

१९९९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक डिक्सन डेस्पोमियर यांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर उंच इमारतीतल्या शेतीचा विचार मांडला. सिंगापूर देशात जमीन फार कमी आहे. तिथे ९० टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येते. म्हणून तिथे अशी पालेभाजी पिकवतात.

रात्री मी हे घरी वाचून दाखवले. आमची विहीर होळीनंतर आटते. दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मंग आपल्या रानाचं काय व्हायचं गं?" मला वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "त्या खोल्यांत मुख्यतः पालेभाज्याच परवडतात. त्या बुटक्या असतात आणि थोड्या आठवड्यांत तयार होतात. ज्वारी उंच वाढते आणि जवळजवळ चार महिने घेते. तेवढे दिवस दिवे लावले तर दाण्यापेक्षा विजेचे बिल मोठे होईल." २०२३ आणि २०२४ साली अमेरिकेतल्या अशा काही मोठ्या कंपन्यांनाही खर्च पेलला नाही.

हे दादांना सांगितल्यावर ते हसले. "सूर्य काय बिल मागत न्हाई," असे म्हणाले.

म्हणजे भाकरी रानातूनच येणार. पण यंदा विहीर आटली की मी खिडकीत चार ताटल्या मेथी लावणार आहे. तिला तांब्याभर पाणी पुरते. दादा म्हणाले, "माझा जुना पंचा घे फडक्याला."

मित्रांनो, तुम्हीही करून पाहा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी