अन्न, शरीर आणि सहृदय पोषण-समुपदेशन

केंपेगौडा पहिला याने १५३७ मध्ये वसविलेल्या बंगळूरच्या जुन्या पेठेतील चिकपेट हा भाग आजही रेशमी साड्यांच्या व्यापारासाठी ओळखला जातो. १६३८ मध्ये हे नगर शहाजीराजांकडे आले. तेव्हापासून दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांचा लग्नाचा बस्ता चिकपेटमध्येच बांधला जातो. साडीपाठोपाठ ब्लाउजचे माप येते आणि मापाबरोबर वधूच्या अंगकाठीची चर्चाही होते. ‘लग्नापर्यंत थोडी बारीक हो’ हे वाक्य बहुधा मायेपोटीच उच्चारले जाते. पण त्याचा परिणाम कोठवर पोहोचतो, याचा विचार सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात फारसा होत नाही.

उदाहरणादाखल एका बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणीची कल्पना करावी. लग्न ठरताच ती सकाळचा नाश्ता सोडते, दुपारी केवळ कोशिंबीर खाते आणि दिवस कॉफीवर काढते. रात्री भूक अनावर झाली की बिस्किटांचा पुडा संपतो. मग पश्चात्ताप होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहण्याचा निश्चय केला जातो. दोन महिन्यांनी चक्कर येते म्हणून ती दवाखान्यात जाते, तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघते. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि ‘नीट खात जा’ असे बजावले जाते. वैद्यकीयदृष्ट्या या सल्ल्यात चूक नाही. मात्र नीट का खाल्ले जात नाही, हा प्रश्न तिला कोणी विचारलेला नसतो.

ही समस्या एकट्या वधूची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. १५ ते १९ वयोगटात हे प्रमाण ५९.१ टक्के होते. त्याच फेरीत १८.७ टक्के स्त्रियांचा शरीरवस्तुमान निर्देशांक १८.५ पेक्षा कमी, तर २४ टक्के स्त्रियांचा २५ किंवा त्याहून अधिक होता. कुपोषणाचा हा दुहेरी भार परीक्षार्थींच्या परिचयाचा आहे. परंतु सल्ल्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, एकीला अधिक खाण्यास आणि दुसरीला बेताने खाण्यास सांगावे लागते. दोघींनाही आपल्या शरीराची लाज वाटत असेल, तर सल्ला दोघींच्याही कानांवरून जातो.

उपासमारीने मनावर काय परिणाम होतो, याचा एक गाजलेला प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. अ‍ॅन्सेल कीज यांच्या मार्गदर्शनाखाली ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. युद्धसेवेस विवेकबुद्धीने नकार दिलेले हे तरुण स्वेच्छेने सहभागी झाले होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते मनातील बदल. त्यांना दिवसरात्र अन्नाचेच विचार सुचू लागले. काहीजण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. चिडचिड आणि खिन्नता वाढली. पुन्हा पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांना पोट भरल्याची जाणीव बराच काळ होत नव्हती. म्हणजेच रात्री बिस्किटांचा पुडा संपविणारी तरुणी दुबळ्या मनाची नसते. दिवसभर रोखून धरलेली भूक आपला हिशेब वसूल करीत असते. पोषण-समुपदेशकाने प्रथम समजावून सांगावे ते हेच, कारण त्यातून अपराधभाव हलका होतो आणि नाश्ता पुन्हा सुरू करण्यामागचे कारणही तिला पटते.

वजनाच्या आकड्याचीही मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ इतकाच, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांतही मधुमेहाचा धोका का आढळतो, हे या एका छायाचित्राने ठसविले. वजनकाटा निरुपयोगी आहे असे यावरून ठरत नाही. पण केवळ काट्यावरून किंवा दिसण्यावरून एखाद्याच्या आरोग्याचा निवाडा करणे अशास्त्रीय ठरते. या बाबतीत चिकपेटचा शिंपी अधिक व्यवहारी म्हणावा लागेल. ब्लाउज शिवताना तो आत माया सोडतो. शरीर बदलणार, हे त्याने गृहीतच धरलेले असते.

समुपदेशनाची पद्धत

सहृदय समुपदेशन म्हणजे गोड बोलणे, असा समज असल्यास तो अपुरा आहे. त्यामागे निश्चित तंत्र आहे. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मद्यपींच्या उपचारासंदर्भात मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेली प्रेरणात्मक संवादाची पद्धत आज आहारसल्ल्यातही वापरली जाते. ‘हो-नाही’त न संपणारे प्रश्न विचारणे, व्यक्तीने आधीच केलेल्या प्रयत्नांची दखल घेणे, ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगणे आणि शेवटी संभाषणाचे सार मांडणे, ही तिची अंगे होत. ‘तुम्ही नाश्ता का करीत नाही?’ या प्रश्नात आरोप आहे. ‘सकाळ कशी जाते?’ यात नाही. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सासरच्या मंडळींचे शेरे, आरशाची भीती, स्वयंपाकघरात सर्वांत शेवटी जेवण्याची सवय असे बरेच काही बाहेर येऊ शकते.

सल्ला व्यक्तीच्या ताटातूनच द्यावा लागतो. बंगळूरमधील मराठी घरात एका वेळी नाचणीची मुद्दे तर दुसऱ्या वेळी ज्वारीची भाकरी असू शकते. थंडीत बाजारात येणाऱ्या अवरेकाळूची, म्हणजे पावट्याच्या जातीच्या दाण्यांची, उसळ असते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते आणि कडधान्यांतून प्रथिने मिळतात. कडधान्यांतील व पालेभाज्यांतील लोह शोषले जाण्यास लिंबू किंवा आवळ्यातील जीवनसत्त्व ‘क’ मदत करते, तर जेवणाबरोबर घेतलेला चहा किंवा कॉफी अडथळा आणते. तेव्हा कॉफी सोडा, असा हुकूम करण्यापेक्षा ती जेवणानंतर तासाभराने घ्या, हे सांगणे अधिक पाळले जाते. भात, होळिगे अशा पदार्थांना ‘वाईट’ ठरविल्याने ते खाणे थांबत नाही. ते चोरून खाल्ले जातात, एवढेच.

शासकीय यंत्रणेत यास वाव आहे. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वर्षे वयोगटासाठी पोषण आणि मानसिक आरोग्य हे दोन्ही विषय समाविष्ट आहेत. त्याखालील किशोरस्नेही आरोग्य केंद्रांना कर्नाटकात ‘स्नेहा’, तर महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने ओळखले जाते. ८ मार्च २०१८ रोजी आरंभ झालेल्या पोषण अभियानानेही वर्तनबदलासाठीच्या संवादावर भर दिला. अडचण अशी की, कामाची मोजणी गोळ्या, वजने आणि भेटी यांच्या संख्येत होते. शांतपणे ऐकून घेतलेल्या वीस मिनिटांसाठी नोंदवहीत रकाना नसतो. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ मुळे आहारतज्ज्ञांचे शिक्षण व नोंदणी यांना कायदेशीर चौकट मिळाली. त्या अभ्यासक्रमांत संवादकौशल्यास कितपत स्थान दिले जाते, यावर पुष्कळ काही अवलंबून राहील.

सहृदयतेलाही सीमा आहे. वजन झपाट्याने घटणे, पाळी बंद होणे, वारंवार भोवळ येणे, जेवणानंतर मुद्दाम उलटी करणे ही लक्षणे आढळल्यास केवळ आहारसल्ल्यावर थांबणे धोक्याचे असते. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या व्यक्तीला एकाएकी भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेटसारख्या क्षारांची पातळी घसरून हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून असा आहार वैद्यकीय देखरेखीखालीच वाढवावा लागतो. अशा रुग्णाला डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांची गरज असते. १९७४ मध्ये आकारास आलेली निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था बंगळूरमध्येच आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या समन्वयाचे कामही तिच्याकडे सोपविण्यात आले. १४४१६ या क्रमांकावर ही सेवा विनामूल्य मिळते.

उदाहरणातील तरुणी दुसऱ्या भेटीस आली, तर समुपदेशकाने प्रथम तिला वजनकाट्यावर उभे करू नये. झोप कशी लागते, चक्कर कमी झाली का, सकाळी काय खाल्ले, हे आधी विचारावे. वजन नोंदविणे आवश्यक असेल, तर तिची संमती घेऊन आणि आकडा मोठ्याने न उच्चारता ते नोंदवावे.