नावेच्या मोटारीची योग्य उंची

पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी त्याचे उद्घाटन झाले. धरणामागील नाथसागर पूर्ण भरला असता त्याचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. इतक्या मोकळ्या पाण्यावर वारा सुटला असता नावेची मोटार बंद पडणे जिवावर बेतू शकते. अशा बिघाडाचे एक टाळता येण्याजोगे कारण म्हणजे मोटार चुकीच्या उंचीवर बसविणे होय.

मोटारीच्या पंख्याच्या लगेच वर एक आडवी पट्टी असते. पृष्ठभागावरील हवा पंख्यात ओढली जाऊ नये, हे तिचे काम. ही पट्टी नावेच्या तळाच्या रेषेत, अथवा तिच्याखाली फार तर एक इंच (अडीच सें. मी.) असावी, हा सर्वसाधारण नियम आहे. मोटारीसोबतच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असल्यास तेच पाळावे.

मोटार वर बसली तर पंखा हवा ओढतो. यंत्र जोराने फिरते. परंतु नाव पुढे सरकत नाही. थंड करणारे पाणी आत पोहोचले नाही तर यंत्र तापून निकामी होते. मोटार फार खाली बसली तर पाण्याचा अडथळा वाढतो, इंधन वाया जाते, सुकाणू जड होते आणि उथळ पाण्यात पंखा जमिनीस लागतो.

खरेदीपूर्वी नावेच्या मागील फळीच्या मधोमध, वरच्या काठापासून तळापर्यंतचे अंतर मोजावे. लहान मोटारींचे दांडे साधारणतः १५ व २० इंची फळीस जुळतील अशा दोन लांबीचे मिळतात. माप घेऊनच निवड करावी. मोटार खाली येत असल्यास फळीच्या काठावर टणक लाकडाची पट्टी घट्ट बसवावी. मोटार वर राहत असल्यास फळी कापू नये. मागून येणारी लाट नावेत शिरेल. लांब दांड्याची मोटार घ्यावी.

मोटार फळीच्या मध्यावर बसवून स्क्रू आवळावेत आणि साखळीने अथवा मजबूत दोराने ती नावेस बांधावी. नंतर नेहमीची माणसे, जाळी व इंधन घेऊन किनाऱ्याजवळ चाचणी करावी. रिकाम्या नावेवरील चाचणी फसवी असते. नाव सरळ चालत असता आडवी पट्टी पाण्याच्या पातळीशी समांतर हवी. वळणावर यंत्र एकदम सुसाट झाल्यास मोटार थोडी खाली घ्यावी. पाणी फार उडत असल्यास थोडी वर घ्यावी. एका वेळी एकच बदल करावा. मोटारीतून बाहेर पडणारी पाण्याची धार थांबताच यंत्र बंद करावे. पहिल्या फेरीनंतर स्क्रू पुन्हा आवळावेत.

उन्हाळ्यात पातळी उतरते व बुडालेले खुंट जवळ येतात. तेव्हा पुढे जाताना मोटार धक्क्याने वर उचलली जाईल अशी मोकळी ठेवावी; मागे जाताना मात्र ती अडकवावी.

जायकवाडी परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. म्हणून मोटार लावण्यापूर्वी वन खात्याचे नियम विचारून घ्यावेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मच्छीमार संस्थेच्या सभासदांसमोर एका नावेवर हे मापन करून दाखवावे. मोजपट्टी व पाना एवढ्या साहित्यावर हे काम होते.