खोदलेल्या मातीचे घनफळ

पेटीचे किंवा हौदाचे घनफळ केव्हाही पुन्हा मोजता येते. खोदकामाची गोष्ट वेगळी आहे. जी माती मोजावयाची तिचा मूळ आकार खणताच नाहीसा होतो. म्हणून खोदाईची मोजणी कुदळ पडण्यापूर्वीच सुरू करावी लागते.

छत्तीसगडातील भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ च्या फेब्रुवारीत झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे कारखान्याभोवती वसाहती वाढत गेल्या. हुडको ही त्यांपैकीच एक; १९७० साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाच्या आद्याक्षरांचे नाव तिने घेतले आहे. हा मुलूख डोळ्यांना सपाट दिसतो. पण समतलमापकाच्या दुर्बिणीतून पाहिले की उंचसखलपणा उघड होतो, आणि घरांच्या जोत्यांसाठी किती माती काढावयाची व किती भरावयाची, हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न नवा नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) खातव्यवहार नावाचे एक स्वतंत्र प्रकरण खड्ड्यांच्या मापनाला दिलेले आहे. त्यातील एक विहीर अशी : मुखाशी लांबी १२ व रुंदी १०, तळाशी ६ व ५, खोली ७. मापे हातांची आहेत. आपण मीटर समजू. एखादा म्हणेल, बाजूंची सरासरी घ्यावी : ९ गुणिले ७.५ गुणिले ७, म्हणजे ४७२.५ घनमीटर. दुसरा मुख व तळ यांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेईल : १२० आणि ३० यांची सरासरी ७५, गुणिले ७, म्हणजे ५२५. दोन्ही उत्तरे चूक आहेत. आचार्यांची रीत निराळी आहे. मुखाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०, आणि दोहोंच्या बाजूंची बेरीज करून होणाऱ्या क्षेत्राचे (१८ गुणिले १५) २७०, एकूण ४२०. त्याला ६ ने भागून ७० येतात व खोलीने गुणून ४९०. हेच खरे घनफळ. आजचे अभियंते दोन टोकांच्या छेदांत मधल्या छेदाची चौपट मिळवून सहाने भागतात, ते या रीतीचेच रूप होय.

५२५ आणि ४९० यांतील अंतर ३५ घनमीटरांचे आहे. मातीकामाच्या बोलीत ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर, तेव्हा हे अंतर बारा ब्रासांहून अधिक भरते. महाराष्ट्रात २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आलेल्या रोजगार हमी कायद्याखाली हजारो स्त्रीपुरुषांनी मातीकाम केले, आणि त्यांची मजुरी हजेरीवर नव्हे, तर मोजलेल्या कामावर ठरत असे. अशा ठिकाणी सूत्राची निवड ही केवळ गणिताची बाब राहत नाही.

आता ‘सिव्हिल थ्रीडी’सारख्या संगणक-प्रणाली हे काम करतात. रस्त्यासाठी छेदांची सरासरी हवी की मधल्या छेदासह काढलेले घनफळ हवे, हे त्या वापरणाऱ्यालाच विचारतात. भूखंडासाठी त्यांची रीत अशी : जमिनीवरील मोजलेल्या बिंदूंना जोडून त्रिकोणांचे जाळे विणावयाचे. कोणते तीन बिंदू जोडावयाचे, याचा नियम रशियन गणिती बोरिस डेलोने यांनी १९३४ साली मांडला. नियोजित पातळीचे दुसरे जाळे करून दोहोंमधील अंतर काढले की प्रत्येक त्रिकोणाखाली एक लोलक मिळतो. त्याचा आडवा पाया गुणिले तीन कोपऱ्यांच्या उंचींची सरासरी, हे त्याचे घनफळ. असे हजारो लोलक क्षणात बेरजेला येतात.

पण येथे एक खोच आहे. हुडकोतील एखाद्या भूखंडावर १० मीटर बाजूचा चौरस घ्या. नियोजित पातळीपासून त्याच्या कोपऱ्यांची उंची ओळीने २, १, २, १ मीटर आहे असे समजा. चौरसाचे दोन त्रिकोण करताना कर्ण २ उंचीच्या कोपऱ्यांमधून काढला, तर घनफळ १६६.६७ घनमीटर येते. १ उंचीच्या कोपऱ्यांमधून काढला, तर १३३.३३. कोपरे तेच, उंची तीच! पहिल्या कर्णाने मधे उंचवटा मानला, दुसऱ्याने घळ. प्रत्यक्षात तेथे शेताचा जुना बांध आहे की पाण्याची वाट, हे संगणकाला कळत नाही. ते जागेवर उभ्या असलेल्या मोजणीदाराने पाहून त्या रेषेवरचे बिंदू घ्यावे लागतात आणि ही रेषा त्रिकोणांनी ओलांडू नये, असे प्रणालीला सांगावे लागते. कोरडा उन्हाळा हा अशा मोजणीस बरा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याखालची पातळी कोण पाहणार?

दुसरी अडचण मातीच्या स्वभावाची. छत्तीसगडातील शेतकरी काळ्या चिकण जमिनीला कन्हार व खडेवजा तांबड्या जमिनीला भाटा म्हणतात. कोणतीही असो, खणली की फुगते. फुगवटा एक-चतुर्थांश धरला तर वरील ४९० घनमीटरांच्या खड्ड्यातून ट्रकांत ६१२ घनमीटरांहून अधिक माती भरेल. म्हणून दर खड्ड्याच्या मापावर ठरला आहे की ट्रकाच्या, हे कराराच्या कागदावर आधीच लिहिलेले असावे. प्रणालीत फुगवट्याचा गुणक घालण्याची सोय असते. तो गुणक मात्र त्या मातीचा नमुना तपासूनच मिळतो.

जुन्या कामांवर खड्ड्यात जागोजाग मूळ जमिनीचे खुंट न खणता राखून ठेवीत. त्यांच्या माथ्यापासून तळापर्यंतची खोली कोणालाही टेप लावून पाहता येई आणि मोजणी मान्य झाल्यावरच ते काढून टाकीत. संगणकावर हिशेब होत असला, तरी वाद पडेल अशा कामावर हे खुंट आजही ठेवता येतात. त्यांना खर्च असा काही लागत नाही.