पाकीट आले, पण त्यावर विश्वास ठेवावा का?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आमच्या जिल्ह्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. समजा, जर्मनीहून एक छायाचित्र परभणीतील संगणकावर येत आहे. ते अखंड येत नाही. त्याचे तुकडे होतात व प्रत्येक तुकडा ‘पॅकेट’मध्ये, म्हणजे जणू पाकिटात बसून येतो. पाकिटाच्या मथळ्यावर पत्ता, लांबी वगैरे माहिती असते.

हा मथळा प्रथम वाचतो संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’. सारी स्मृती त्याच्या ताब्यात असते. त्यामुळे त्याची एक चूक सबंध संगणक बंद पाडू शकते. म्हणून तो चौथ्या आवृत्तीच्या पाकिटाला आधी काही प्रश्न विचारतो. मथळा निदान २० बाइटचा आहे ना? आवृत्तीचा आकडा ४ आहे ना? मथळ्यातील आकड्यांची ताळ्याची बेरीज जुळते ना? लिहिलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या बाइटपेक्षा जास्त नाही ना? एक जरी उत्तर चुकले, तरी पाकीट फेकून दिले जाते.

एवढे पुरेसे आहे का? १९९६ साली याचे उत्तर मिळाले. लांबी १६ बिटांत लिहितात, म्हणून संपूर्ण पाकीट ६५,५३५ बाइटहून मोठे असू शकत नाही. मोठे पाकीट वाटेत तुकड्यांनी येते आणि आपण कितव्या बाइटपासून जोडले जावे, हे प्रत्येक तुकडा सांगतो. हा आकडा जास्तीत जास्त ६५,५२८ असतो. आता कोणी मुद्दाम त्या जागी १०० बाइटचा तुकडा धाडला तर? तुकडा एकटा पाहिला तर निर्दोष! पण ६५,५२८ + १०० = ६५,६२८. अनेक कार्यप्रणालींनी एवढी जागा राखलेलीच नव्हती. जादा बाइट शेजारच्या स्मृतीत सांडले आणि यंत्रे बंद पडली. या प्रकाराला ‘पिंग ऑफ डेथ’ असे नाव पडले.

उपाय मात्र सोपा निघाला: जोडण्यापूर्वी बेरीज करा आणि मर्यादा ओलांडत असेल तर तुकडा टाकून द्या.

यातून ध्यानात काय ठेवायचे? ताळ्याची बेरीज वाटेत आपोआप झालेली चूक पकडते, लबाडी नव्हे. कारण लबाड माणूस खोट्या आकड्यांचीही बेरीज बरोबर करून पाठवतो. म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा आणि सर्व मिळून काय होते, तेही पाहावे.

आता वही घ्या. १,४८० बाइटचे ४४ तुकडे आणि २० बाइटचा एक मथळा मर्यादेत बसतात का? तुकडे ४५ असतील तर?